कुत्रा आणि बदकाच्या जोडीमागून गोळ्या कोण झाडतो?

गिरणगावकर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या रविवारी मुलुंडला बहिणीकडे गेलो असताना भाच्याने निन्टेन्डो स्विचवर 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' लावला. निरनिराळ्या खेळांतील पात्रांना एकाच आखाड्यात उतरवणाऱ्या या खेळात मला अचानक एक ओळखीचा तपकिरी कुत्रा आणि त्याच्या पाठीवर बसलेले बदक दिसले. नव्वदच्या दशकात परळच्या आमच्या चाळीत एकाच खोलीत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, आणि त्याच्या बंदुकीने बदके टिपण्यासाठी आम्हा मुलांची त्या दारापुढे रांग लागत असे. त्यामुळे 'डक हंट'मधील तो गवतातून वर येऊन हसणारा कुत्रा मी कसा विसरेन?

माझ्या शंका दोन आहेत. कुत्र्याच्या किंवा बदकाच्या हाती शस्त्र नसताना त्यांनी हल्ला केला की समोरच्याच्या अंगावर गोळ्या फुटतात. त्या कोठून येतात? दुसरे असे की, कुत्रा एक पत्र्याचा डबा लाथाडतो आणि मधूनच जुन्या ठोकळेबाज चित्रांतले बंदूकधारी बोलावतो. हे दोन्ही 'डक हंट'मध्ये पाहिल्याचे मला आठवत नाही. "मामा, ते असंच दिलंय," असे भाच्याचे म्हणणे आहे, परंतु मला ते पटलेले नाही.

जुनी कॅसेट

गिरणगावकर, तुम्हाला पटले नाही ते बरोबरच आहे. यातले काहीही 'असेच' दिलेले नाही.

गोळ्या झाडणारा पडद्यावर दिसत नाही, कारण तो मूळ खेळातही पडद्यावर नव्हता. तेव्हा बंदूक तुमच्या हातात होती आणि तुम्ही टीव्हीसमोर पलंगावर किंवा जमिनीवर बसलेले होतात. नव्या खेळातही गोळ्या त्याच जागेवरून, म्हणजे काचेच्या अलीकडून येतात. समोरच्या दिशेने केलेल्या जोरकस हल्ल्यात एकामागून एक तीन गोळ्या सुटतात, आणि मूळ खेळातही बदके उडाली की आपल्याला तीनच गोळ्या मिळत असत. एके काळी ज्याच्या बंदुकीपुढे हे बदक उडत होते, तोच शिकारी आता त्या बदकाच्या बाजूने लढतो आहे. ही कल्पना मला अतिशय हृद्य वाटते, आणि ती एका शब्दाचेही स्पष्टीकरण न देता केवळ गोळ्यांच्या दिशेतून सांगितली आहे, हे मला त्याहून मोठे वाटते.

आता डब्याविषयी. तो 'होगन्स ॲली' या खेळातून आलेला आहे. त्या खेळाच्या एका प्रकारात हवेत उडालेल्या डब्यांवर गोळ्या मारून त्यांना खाली पडू न देता पलीकडच्या फळ्यांवर नेऊन टाकावे लागत असे. स्मॅशमधील डबाही असाच वागतो. कुत्र्याने तो लाथाडल्यावर तुम्ही बटण दाबाल तेव्हा अदृश्य शिकारी त्यावर गोळी झाडतो आणि डबा उसळून थोडा पुढे जातो, त्यामुळे वेळ साधली तर तो बराच काळ हवेत खेळवता येतो. तबकडी फेकून ती फोडण्याची जी चाल आहे, ती मात्र 'डक हंट'मधलीच आहे. मुख्य यादीत बदकांच्या दोन प्रकारांखाली तबकड्यांचा तिसरा प्रकार होता, आणि बहुतेक मुले तिथवर जातच नसत.

बंदूकधारी 'वाइल्ड गनमन'मधले आहेत. त्या खेळात समोरच्या माणसाने इशारा दिल्यावरच, परंतु त्याची गोळी सुटण्याआधी तुम्हाला बंदूक चालवावी लागे, आणि प्रत्येक गुंडाचा वेग वेगळा असे. स्मॅशमध्ये पाच गुंड आळीपाळीने येतात, आणि त्यांतील कोणी लवकर गोळी झाडतो, कोणी उशिरा, कोणाची गोळी लांब जाते तर कोणाची जवळच संपते. म्हणजे जुन्या खेळातून नुसते चित्र उचललेले नाही, तर त्याचा स्वभावही उचलला आहे.

हे तिन्ही खेळ निन्टेन्डोने जपानमध्ये १९८४ साली घरगुती यंत्रासाठी काढले, आणि तिन्ही बंदुकीनेच खेळायचे होते. त्यामुळे २०१४ साली स्मॅशमध्ये प्रथम आलेल्या या पात्राचे नाव 'डक हंट' असले, तरी माझ्या मते ते त्या बंदुकीचे पात्र आहे.

पिक्चर ट्यूब

वरील उत्तरात बंदुकीचा उल्लेख आला आहे म्हणून थोडी भर घालतो, कारण लॅमिंग्टन रोडवरच्या एका लहानशा दुकानात टीव्ही दुरुस्त करताना हा प्रश्न मला अनेक गिऱ्हाइकांनी विचारलेला आहे.

त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नसे. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक सुटा भाग असे. घोडा दाबताच खेळ क्षणभर सगळा पडदा काळा करी आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवी. बंदुकीला आधी काळोख आणि लगेच उजेड दिसला, तरच नेम लागला असे धरले जाई. बदके दोन असतील तर दोन चौकोन पाठोपाठ दाखवले जात, आणि उजेड कोणत्या क्षणी दिसला यावरून कोणते बदक पडले ते ठरे. हे सगळे जुन्या काचेच्या ट्यूबच्या ठरीव वेगावर बेतलेले होते. आजचे सपाट टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतात आणि त्यांचा उजेडही निराळ्या रीतीने पडतो, म्हणून जुना संच जपून ठेवलेल्या माणसालाही नव्या टीव्हीवर एकही बदक पाडता येत नाही. अनेकांनी माझ्याकडे या कारणासाठी चांगल्या बंदुका दुरुस्तीला आणल्या, आणि त्यांना बिघाड बंदुकीत नाही हे समजावून सांगताना मला खरोखर वाईट वाटत असे.

याच प्रकाशविद्येवर चालणारे दुसरे पात्रही स्मॅशमध्ये आहे. रॉब नावाचा तो खेळण्यातील यंत्रमानव १९८५ साली विक्रीला आला. टीव्हीच्या पडद्यावरील लखलखाट त्याच्या डोळ्यांना दिसे, त्यातून त्याला आज्ञा मिळे आणि त्याप्रमाणे तो हात हलवी. 'जायरोमाइट' या खेळात तो ज्या भिंगऱ्या उचलत असे, तीच भिंगरी तो स्मॅशमध्ये प्रतिस्पर्ध्यावर फेकतो. आणि ज्या डोळ्यांनी तो एके काळी उजेड वाचत होता, त्याच डोळ्यांतून आता प्रकाशाचा झोत सोडतो.

दादर पूर्व

दोन्ही उत्तरे आवडली, मात्र एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. जुन्या खेळाची चाल जशीच्या तशी उतरली तरच खूण अस्सल, असा सूर येथे लागतो आहे. स्मॅशमधलेच आणखी एक जुन्या खेळातले पात्र, पॅक-मॅन, याच्याकडे पाहा. तो स्मॅशमध्ये जी फळे फेकतो, त्यांचा क्रम चेरी, स्ट्रॉबेरी, संत्रे, सफरचंद, खरबूज, 'गॅलॅक्सियन'मधील यान, घंटा आणि किल्ली असा आहे, आणि १९८० सालच्या मूळ खेळात पातळी वाढत जाई तशी हीच बक्षिसे याच क्रमाने येत. मूळ खेळात मात्र ती फळे फक्त खायची होती, फेकायची नव्हती. म्हणजे चाल बदलली, पण क्रम राखला, आणि तेवढ्यावरूनही जाणणारा माणूस थबकतो. त्यातच ते यान तर त्या जुन्या खेळातदेखील नाम्को या त्याच कंपनीच्या त्याहून जुन्या, १९७९ सालच्या खेळाची आठवण म्हणूनच ठेवलेले होते. पॅक-मॅन वर उडी घेण्यासाठी जे जाळे ताणतो ते 'मॅपी' या जुन्या खेळातले आहे. तिसऱ्या उडीला ते लाल होते आणि त्यानंतर फाटते. त्याच्या चालींतला पाण्याचा बंब 'पॅक-लँड' या जुन्या खेळातला आहे.

गिरणगावकर

सर्वांचे मनापासून आभार. काल भाच्याला फोन करून हे सगळे सांगितले, तेव्हा त्याने लगेच खेळ लावून त्या पाच गुंडांपैकी कोण आधी गोळी झाडतो ते वहीत टिपले, आणि "मामा, हे पात्र मी उगाच बाजूला ठेवत होतो," असे तो म्हणाला. एकच विचारायचे राहिले. आमच्या चाळीत एक मोठा मुलगा शपथेवर सांगत असे की त्याने त्या हसणाऱ्या कुत्र्याला गोळी मारली होती. आम्ही सगळ्यांनी प्रयत्न केला, परंतु कधीच जमले नाही.

जुनी कॅसेट

घरगुती खेळात कुत्र्याला गोळी लागतच नसे, त्यामुळे तुमच्या चाळीत ते कोणालाच शक्य नव्हते. मात्र नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी निन्टेन्डोने 'व्हीएस. डक हंट' नावाची वेगळी आवृत्ती काढली होती, आणि तिच्या बक्षिसाच्या फेरीत कुत्रा बदकांच्या मध्ये उडी मारत असल्याने चुकून त्यालाच गोळी लागू शकत असे. लागली की तो गवतातून बाहेर येऊन तुम्हालाच दटावत असे आणि ती फेरी तेथेच संपत असे. त्या मोठ्या मुलाने असे यंत्र कोठे पाहिले होते का, हे विचारता आले तर अवश्य विचारा.