ऊसतोडीहून परतलेल्या लेकरांचे वरचे दात किडलेले, आईला काय सांगू?

अंगणवाडीताई_गेवराई
दिवाळीच्या आसपास आमचं अर्धं गाव तोडीला जातं, ते उन्हाळ्यातच परततं. परवा लेकरांची वजनं घेताना तोंडं बघितली. दोन-तीन वर्षांची पोरं, वरचे पुढचे चारही दात तपकिरी, काहींचे नुसते खुंट. खालचे मात्र पांढरे. एक पोरगी भाकरी चावूच शकत नाही, वजनही वाढेना. बाया म्हणतात, दुधाचेच आहेत, पडून जातील. सासू सुनेला बोल लावते. पण ती सून अंधारातच फडात जाते, लेकरू कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, थोरल्या बहिणीजवळ. रडलं की बिस्किटाचा पुडा, नाहीतर बाटलीत गोड चहा. तिला जमेल असं काय सांगू?

दातांचा_डॉक्टर
ताई, आईला दोष देऊ नका हे आधी सांगतो. वरचे किडतात आणि खालचे वाचतात ही बाटलीचीच खूण. चोखताना जीभ खालच्या दातांवर येते. झोपेत लाळ कमी सुटते, मग वरच्या दातांवर गोड तसंच राहतं आणि जंतू त्याचं आम्ल करतात. साखर किती खाल्ली याइतकंच, दिवसात किती वेळा तोंडात गेली हेही बघायचं. पुडा दिवसभर हातात असणं सगळ्यात वाईट. आणि दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, त्या किडल्या तर लेकरू जेवणार कशानं?
झोपताना फ्लोराइडची पेस्ट लावायची, तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. मिश्री अजिबात नको, त्यात तंबाखू असते.

कोयता_सोडलेली
मी लग्नानंतर तोडीला जायचे. डॉक्टर, पाणी हंड्यानं लांबून आणायचं, अंगावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, खाडा केला तर पैसे कापतात. रात्री गाडी भरून आलं की बाई उभ्या उभ्या झोपते. ताई, सांगायचं तर त्या थोरल्या पोरीला सांगा, लेकरू तिच्याच हातात असतं. तिची शाळा बुडते याचा मला अजून राग येतो, पण आज खरं हेच आहे. आम्ही रात्रीचीच भाकरी वरणात कुस्करून ठेवायचो, पोरं खायची. बाटली सुटत नसेल तर रोज साखर थोडी थोडी कमी करा, शेवटी नुसतं पाणी द्या.

दातांचा_डॉक्टर
हे मला सुचलं नसतं. पाण्याचं म्हणाल तर पेस्ट लावल्यावर चूळ भरायची गरज नाही. फेस थुंकायचा, लहानाचा फडक्यानं पुसायचा.
ज्यांना खड्डे पडलेत त्यांना बऱ्याचदा सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं पातळ औषध लावता येतं. मशीन न लावता कीड थांबते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. किडलेला भाग कायमचा काळा दिसतो, हे आईला आधी सांगायलाच हवं.

अंगणवाडीताई_गेवराई
टोळ्या निघायच्या आधी सगळ्यांना तपासून घेतलं तर?

दातांचा_डॉक्टर
जरूर. दसऱ्याच्या आधी आणा. तोवर वरचा ओठ उचलून बघत राहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर कीड नुकतीच सुरू झालेली असते, फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातावर द्यायचा औषधाचा लेप, लावून दात वाचू शकतो. पण भाकरी न चावणाऱ्या पोरीला दसऱ्यापर्यंत ठेवू नका. तिला याच आठवड्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात दाताच्या डॉक्टरांकडे न्या, आणि वजनाचं कार्ड बरोबर घ्या.