मदत हवी आहे: शुगरच्या गोळीतच नसांचं व्हिटॅमिन आहे, तरी तळपायाच्या मुंग्या जात नाहीत. डोस वाढवू का?

रानजाई
आईला टाइप २ मधुमेह. तळपायाला मुंग्या आणि रात्री जळजळ, म्हणून महिन्यापूर्वी गोळी बदलून मिळाली. आता शुगरचं औषध आणि नसांसाठी मिथाइलकोबालामिन (बी१२ व्हिटॅमिनचं एक रूप) एकाच गोळीत. मुंग्या तसूभरही कमी नाहीत. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. दोनाच्या तीन गोळ्या केल्या तर चालेल का? गोळी मोठी आहे, कुटून दिली तर? कृपया थेट उत्तर द्या. पथ्य चालू आहे, ते नको.

पिंपळपान
दोन्ही करू नका. तिसरी गोळी दिली की व्हिटॅमिनबरोबर आतली शुगरची औषधंही वाढतात. त्यात ग्लिमेपिराइड असेल तर साखर धोकादायक खाली उतरेल. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असेल तर कुटायचीही नाही. दिवसभर हळूहळू सुटायचं मेटफॉर्मिन एकदम सुटतं आणि मळमळ, जुलाब सुरू होतात.
पाकिटामागची घटकांची पूर्ण ओळ इथे द्या. शिवाय वय, ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा), रक्तातलं बी१२ आणि बाकी सगळ्या गोळ्या.

अष्टपैलू
मिथाइलकोबालामिनने जळजळ थांबत नसते. अल्फा लिपोइक अॅसिड ६०० मिलिग्रॅम, सकाळी उपाशीपोटी. अन्नाबरोबर घेतलं तर शोषण घटतं. सोबत बी कॉम्प्लेक्स द्या.

कुतूहल
अष्टपैलू, अल्फा लिपोइकचे चांगले निकाल मुख्यतः शिरेतून दिलेल्या औषधाचे आहेत, गोळीचे संमिश्र. आणि बी कॉम्प्लेक्स सरसकट नको. त्यातलं बी६ जास्त मात्रेत बरेच दिवस गेलं तर त्यानेच नसांना इजा होते, मुंग्या वाढतात.

रानजाई
घ्या: ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ, मेटफॉर्मिन ५०० एसआर, मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम. दिवसातून दोनदा. वय ७१. बी१२ गेल्या आठवड्यात ८४० आलं, म्हणजे तिथे काही नाही. मग मुंग्या कशाने?

कुतूहल
तो आकडा गोळीचा आहे. महिनाभर व्हिटॅमिन पोटात गेल्यावर रक्तातली पातळी वर येणारच. आधी ती २००च्या खाली होती का, हे त्यावरून कळत नाही. मेटफॉर्मिन लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी१२चं शोषण अडवतं. डोस जितका मोठा आणि वर्षं जितकी जास्त, तितकी कमतरता अधिक. गोळी बदलण्याआधीचा रिपोर्ट आहे का?

अष्टपैलू
शोषणच अडत असेल तर इंजेक्शन हवं, गोळी फुकट.

कुतूहल
फुकट नाही. मोठ्या मात्रेतला साधारण १ टक्का नेहमीचा मार्ग टाळून थेट झिरपतो. १५०० मायक्रोग्रॅमचे १५ झाले, रोजची गरज २.४च्या आसपास. मात्र चालताना तोल जात असेल किंवा कमतरता तीव्र असेल तर इंजेक्शनच आधी, इथे तुमचं बरोबर.

भटकभवानी
सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध टोचणार असतील तर मेटफॉर्मिन चालू आहे हे आधी सांगा. किडनी कमकुवत असेल तर ते थांबवतात आणि ४८ तासांनी किडनी तपासून मग सुरू करतात.

पिंपळपान
सीटीचं कुणी विचारलेलं नाही. रानजाई, ईजीएफआर आणि बाकीच्या गोळ्या राहिल्या.

रानजाई
ईजीएफआर ३८. बीपीची एक, अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल. जुनी साधी मेटफॉर्मिन ५०० दोनदा चालूच आहे, बंद करा असं कुणी म्हणालं नाही. हल्ली पहाटे दरदरून घाम येतो, तोही नसांमुळेच ना?

पिंपळपान
पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका, आत्ता फोन करा. मेटफॉर्मिन दोन पाकिटांतून मिळून २००० मिलिग्रॅम जातंय. ईजीएफआर ३० ते ४५ मध्ये साधारण १००० ही कमाल मर्यादा. त्यावर गेलं तर शरीरात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका वाढतो. ग्लिमेपिराइड दिवसाला ४ मिलिग्रॅम, त्यात वय आणि किडनी. पहाटेचा घाम म्हणजे साखर उतरलेली असू शकते. घाम आला की त्याच क्षणी ग्लुकोमीटर लावा. ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा, वर आली की काहीतरी खायला द्या. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून नंतरही मोजत राहा. गुंगी असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. जेवण चुकलं तर ही गोळी द्यायची नाही.

अष्टपैलू
ग्लुकोज कशाला, तीन चमचे साखर पुरते.

कुतूहल
इथे पुरेल. पण व्होग्लिबोज किंवा अॅकार्बोज ही शुगरची औषधं घेणाऱ्यांत साध्या साखरेचं विघटनच अडलेलं असतं, तिथे ग्लुकोजच लागतं. हा धागा त्यांच्यापैकीही कुणी वाचेल.

रानजाई
फोन झाला. जुनी मेटफॉर्मिन बंद, रात्रीची कॉम्बिनेशन गोळीही बंद, उद्या सकाळीच दाखवायला बोलावलंय. पण मुंग्यांचं काय? मूळ प्रश्न तोच होता.

कुतूहल
दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. व्हिटॅमिन फक्त कमतरता भरून काढतं आणि नस सावरायला महिने लागतात, त्यामुळे एका महिन्यात फरक नाही म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. रात्रीची जळजळ शमवायला प्रीगाबालिनसारखं वेगळं औषध लागतं. ईजीएफआर ३८ला त्याचा डोस साधारण निम्मा करावा लागतो, नाहीतर झोप, तोल जाणं, पायावर सूज. एकदा सुरू झालं की अचानक थांबवायचंही नाही.
उद्या विचारा: पायाची मोनोफिलामेंट (बारीक नायलॉन धाग्याचा स्पर्श) आणि १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कची (कंपन जाणवतं का) तपासणी झाली का, थायरॉइडची टीएसएच केली का, आणि बी१२चा संशय उरत असेल तर मिथाइलमॅलोनिक अॅसिड (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढतं) पाहावं का. किडनी कमकुवत असताना तेही थोडं वाढलेलं दिसतं, म्हणून अर्थ डॉक्टरांनीच लावावा. पॅन्टोप्राझोल अजून लागतेच का, हेही विचारा. दीर्घकाळ घेतल्यास तीही बी१२ कमी करते.

पिंपळपान
आणि जाताना सगळी पाकिटं न्या, नुसती चिठ्ठी नको. मेटफॉर्मिन दोन जागी आहे हे चिठ्ठीवर दिसलं नसतं.