आधी प्लॉट नकोत, आधी पाणी बघा

एकांनी सुचवलंय की आठ मित्रांनी एकत्र राहायला मिळून घ्यायच्या उताराच्या जमिनीवर आधी सारखे आठ प्लॉट पाडा, सामायिक जागेचं उरेल त्यात बघू. मी नेमकं उलटं करीन.

डेन्मार्कमध्ये सेटेडामेन ही २७ घरांची वस्ती १९७२ साली उभी राहिली. सहनिवासाच्या, म्हणजे घरं स्वतंत्र पण काही जागा सामायिक अशा राहण्याच्या, आजच्या कल्पनेची सुरुवात तिथून धरतात. अशा वस्त्यांत गाड्या सहसा कडेलाच थांबतात, घरं जवळजवळ असतात आणि सामायिक स्वयंपाकघर येता-जाता दिसेल असं ठेवतात. कोपऱ्यात टाकलेल्या क्लबहाउसचं काय होतं, ते आपल्या सोसायट्यांत बघतोच की! वर्षातून एकदा गणपतीला कुलूप उघडतं.

आम्ही मुळशीकडची जमीन मे महिन्यात पाहिली, तिथेच चुकलो. जुलैत छत्र्या घेऊन गेलो, तर नकाशातल्या तीन नंबरच्या घराच्या ओट्याच्या जागेवरून घोटाभर पाणी वाहत होतं. शेजारचे आजोबा शांतपणे म्हणाले, "इथनं दरसाल जातंय की." मग चुन्याची फक्की मारून ओघळ आखले, जांभळं-हिरडे मोजले आणि दोन्ही सोडून जे उरलं तिथे घरं खेटून बसवली. सारख्या प्लॉटचा हट्ट सोडायला मात्र चार बैठका लागल्या.

आणि हो, शेतजमीन असेल तर सगळ्यांकडे शेतकरी असल्याचा पुरावा आहे का, हे इसार देण्याआधी तपासा.

तुमच्यापैकी कोणी भर पावसात तुमच्या त्या जमिनीवर फिरून आलंय का?