कर्नलमधील रिग्रेशन आरसीच्या टप्प्यातच कसे पकडावे?

प्रश्न

माझ्याकडे वेगवेगळ्या पिढ्यांचे काही लॅपटॉप आहेत आणि त्यांवर मी लिनक्स कर्नलची प्रत्येक नवी आवृत्ती, ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाल्यानंतर, स्वतः कंपाइल करून चालवून पाहतो. अडचण अशी की सस्पेंडमधून परत येताना यंत्र अडकण्यासारखा रिग्रेशनचा दोष (म्हणजे आधी नीट चालणारी गोष्ट नव्या बदलाने बिघडणे) माझ्या लक्षात येईपर्यंत तो आणणाऱ्या बदलाला दोन-अडीच महिने उलटून गेलेले असतात. त्यावर इतर बदलांचे थर चढल्यामुळे तो सरळ मागे घेणेही शक्य राहत नाही. आरसीच्या, म्हणजे अंतिम आवृत्तीआधी निघणाऱ्या चाचणी-आवृत्त्यांच्या (रिलीज कँडिडेट) काळात चाचणी नेमकी कोणत्या टप्प्यावर सुरू करावी, त्यासाठी लिनक्स-नेक्स्ट (पुढच्या आवृत्तीसाठीचे बदल आधीच एकत्र करणारी शाखा) रोज चालवणे आवश्यक आहे का, आणि कर्नलसीआय, इंटेलचा झीरो-डे बॉट व सिझबॉट यांच्यासारखी स्वयंचलित व्यवस्था असताना एकट्या माणसाच्या चाचणीने काही साधते का, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर १

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत. झीरो-डे बॉट मेलिंग लिस्टवर आलेले पॅच (सुचवलेले बदल) असंख्य कॉन्फिगरेशनमध्ये कंपाइल करून पाहतो, सिझबॉट आभासी यंत्रांत सिस्टम कॉलचा भडिमार करून कासानसारख्या, कर्नलमध्येच बसवलेल्या तपासनिसांच्या मदतीने मेमरीचे दोष उघडे पाडतो, आणि कर्नलसीआय प्रयोगशाळांतील बोर्डांवर कर्नल बूट करून चाचण्या चालवते. मात्र यांपैकी कोणीही आपल्या लॅपटॉपचे झाकण मिटून पाहत नाही. आभासी यंत्राला आपल्या उत्पादकाचे फर्मवेअर नसते, एम्बेडेड कंट्रोलर नसतो, वायफायची विशिष्ट चिप नसते, आणि सस्पेंडचे बहुतेक दोष नेमके तिथेच दडलेले असतात. त्यामुळे एलटीपीचा (लिनक्स टेस्ट प्रोजेक्टचा) तयार चाचणी-संच घरी पुन्हा चालवण्यात वेळ घालवू नये. जे यंत्र केवळ आपल्यापाशी आहे त्याचेच वर्तन तपासावे.

आता वेळेविषयी. मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल स्वीकारण्याचा काळ, दोन आठवडे चालते आणि त्या काळात साधारणतः दहा हजारांहून अधिक कमिट (नोंदवलेले बदल) मुख्य शाखेत येतात. नंतर आरसी१ निघते आणि पुढे दर रविवारी एक, याप्रमाणे आरसी७ किंवा आरसी८ पर्यंत क्रम चालतो. आरसी१ ते आरसी३ या काळात तक्रार पोहोचली, तर संबंधित मेंटेनरच्या (कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याच्या) डोक्यात तो बदल ताजा असतो आणि दुरुस्ती जमली नाही तरी तो मागे घेण्यास फारशी खळखळ होत नाही. आरसी७ ला आलेली तीच तक्रार बहुधा पुढच्या स्टेबल (प्रसिद्धीनंतर दुरुस्त्यांसह निघणाऱ्या) आवृत्तीच्या वाट्याला जाते. लिनक्स-नेक्स्ट रोज चालवणे एकट्याला झेपणारे नाही आणि त्याची गरजही नाही. मर्ज विंडो उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात एकदा चालवले तरी पुष्कळ होते, कारण पुढे मुख्य शाखेत जाणारे बहुतेक बदल तोवर तिथे जमलेले असतात.

एक इशारा मात्र देतो: आरसी१ आपल्या कामाच्या डिस्कवर चालवू नये. २०२१ मध्ये ५.१२-आरसी१ मध्ये स्वॅप फाइल वापरणाऱ्यांच्या फाइलसिस्टमची नासाडी करणारा दोष शिरला होता, कारण स्वॅपचा डेटा फाइलमध्ये न जाता त्याच डिस्कवर भलत्याच ठिकाणी लिहिला जात होता. अखेर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या टॅगचे (आवृत्तीच्या खुणेचे) नावच बदलून त्याला ‘डोन्टयूज’ असे शेपूट जोडले. तो दोष लगेच दुरुस्त झाला, परंतु ते कमिट इतिहासात कायमचे राहिले आहेत, त्यामुळे त्या कालखंडातून बायसेक्ट करणारा (दर फेरीत मधले कमिट तपासून ‘गुड’ वा ‘बॅड’ ठरवत शोधाचा पल्ला निम्मा करत जाणारा) माणूस आजही त्या खड्ड्यात पडू शकतो. चाचणीसाठी वेगळी डिस्क ठेवणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु सस्पेंडच्या बाबतीत खरी मेख वेगळीच आहे: हा दोष दर वेळी दिसत नाही. दहा हजार कमिटमधून दोषी कमिट शोधायला गिट बायसेक्टला सुमारे चौदा फेऱ्या लागतात आणि त्यांपैकी एका फेरीत जरी सदोष कर्नलला ‘गुड’ म्हटले गेले, तरी शोध भलत्याच दिशेला जाऊन एखाद्या निरपराध कमिटवर बोट ठेवतो.

समजा, दोष सरासरी चारांपैकी एका सस्पेंडमध्ये दिसतो. सलग दहा सस्पेंड सुखरूप झाले, तरी कर्नल सदोष असूनही तसे घडण्याची शक्यता ५.६ टक्के उरते. चौदांपैकी निम्म्या फेऱ्यांत सदोष कर्नल समोर येईल असे धरल्यास एकूण बायसेक्ट फसण्याची शक्यता जवळजवळ एक-तृतीयांशावर जाते. दहाऐवजी सोळा सस्पेंड केल्यास दर फेरीची चूक एका टक्क्यावर येते आणि एकूण शक्यता सात टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणून बायसेक्ट सुरू करण्याआधी सदोष आवृत्तीवर दोषाची वारंवारता मोजून घ्यावी; हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. दर वेळी झाकण मिटत बसण्याचीही आवश्यकता नाही, कारण आरटीसीवेक ही आज्ञा लूपमध्ये घातली की यंत्र ठरलेल्या सेकंदांनी आपोआप जागे होते. झाकणाच्या स्विचशीच दोष निगडित असेल, तर मात्र हातानेच करावे लागेल.

एखादे कमिट कंपाइलच होत नसेल, किंवा दुसऱ्याच कारणाने बूट होत नसेल, तर त्याला ‘बॅड’ न म्हणता ‘स्किप’ करावे. फेऱ्या आपोआप चालवणारे बायसेक्ट रन वापरत असल्यास स्क्रिप्टने अशा वेळी १२५ हा एक्झिट कोड परत द्यावा.

प्रश्नकर्ता

वारंवारता आधी मोजण्याचा मुद्दा मला पटला. परंतु वितरणाचे कॉन्फिगरेशन घेतल्यास एकेक कर्नल कंपाइल होण्यातच बराच वेळ जातो, आणि इतके करून कमिट सापडल्यावर ते नेमके कोणाला कळवावे, हेही स्पष्ट करावे.

उत्तर ३

मेक लोकलमॉडकॉन्फिग ही आज्ञा त्या क्षणी लोड असलेल्या मॉड्यूलांपुरतेच कॉन्फिगरेशन उरवते, त्यामुळे कंपाइलचा वेळ खूप घटतो. मात्र ती देण्यापूर्वी डॉक, यूएसबी अडॅप्टर वगैरे सगळे जोडून ठेवावे, अन्यथा त्यांचे ड्रायव्हर गळून पडतात. तयार झालेली फाइल बाजूला जपून ठेवावी आणि प्रत्येक फेरीत तीच मूळ प्रत आणून मेक ओल्डडेफकॉन्फिग (नव्या पर्यायांना मूलभूत उत्तरे देणारी आज्ञा) चालवावे, म्हणजे मागे-पुढे उड्या मारताना पर्याय नकळत बदलत नाहीत.

तक्रार कमिटच्या लेखकाला, त्या उपप्रणालीच्या मेंटेनरला आणि रिग्रेशनसाठी असलेल्या स्वतंत्र मेलिंग लिस्टला एकत्र पाठवावी. मजकुरात रेग्झबॉटसाठीची (रिग्रेशनच्या तक्रारींची नोंद ठेवणाऱ्या बॉटसाठीची) ‘इंट्रोड्यूस्ड’ ही ओळ आणि पुढे कमिटचा क्रमांक दिला की तक्रारीचा पाठपुरावा सुरू होतो आणि ती पत्रांच्या ढिगात हरवत नाही. पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे प्रॉक या फाइलसिस्टममधील टेंटेडचा (कर्नलमध्ये बाहेरचे काही मिसळले आहे का ते सांगणारा) आकडा शून्य आहे का, कारण बाहेरचे मॉड्यूल लोड असेल तर मेंटेनर बहुधा पहिला प्रश्न तोच विचारतात. दुसरी म्हणजे ताज्या आरसीवर ते एकच कमिट रिव्हर्ट केल्यावर (मागे घेतल्यावर) दोष खरोखर जातो का. रिव्हर्ट लागू होत नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे.