अनुभव धागा : अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज आणि तिथून लागलेली टेक्नॉलॉजीतली नोकरी

गोदाकाठ, सॅन होजे

नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या, हुशार, शिकलेल्या आणि तरी घरात अडकून पडलेल्या मराठी मुली मला सतत भेटतात. मास्टर्सचा खर्च ऐकूनच त्या गप्प होतात. जवळचं कम्युनिटी कॉलेज (कमी फीचं, दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) बघितलं का, असं विचारलं तर उत्तर येतं, "ते आपल्यासाठी नसतं म्हणे." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

मी नाशिकची बी.कॉम. एच-४ वर (म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशांना सेमिस्टरच्या एका युनिटला (विषय किती मोठा ते मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात, म्हणजे चार युनिटचा विषय दोनशे डॉलरच्या आत. मी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) यांच्या संध्याकाळच्या वर्गांना जायला लागले. शिकवणाऱ्या बाई दिवसा एका कंपनीत डेटाबेस सांभाळायच्या. कालच ऑफिसात अडलेली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) त्या आज फळ्यावर लिहायच्या. ताळेबंद मला कळत होताच, त्यामुळे कुठला आकडा चुकीचा वाटतोय हे वर्गात मला आधी दिसायचं. ईएडी (नोकरी करायचा परवाना) हातात आल्यावर पहिली नोकरी मिळाली ती नेमक्या याच जोडीवर : अकाउंट्स अधिक एसक्यूएल. (एच-४ वाल्यांना ईएडी देणारा नियम २६ मे २०१५ पासूनचा. जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज) मंजूर झालेला असणं ही त्यातली नेहमीची अट. तोवर थांबावं लागतं, पण शिकायला कुणी अडवत नाही.)

तुमचे अनुभव लिहा. चांगले, वाईट, दोन्ही.

अजिंक्यतारा, अ‍ॅशबर्न

मी साताऱ्याकडचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन. बहिणीने अर्ज केला होता, त्यावर ग्रीन कार्ड मिळून चाळिशी उलटल्यावर आलो. सुरुवातीला गॅस स्टेशनच्या दुकानात काउंटरवर होतो. आमच्या लाउडन काउंटीत जिकडे बघावं तिकडे बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती. सगळी डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेटचे सर्व्हर ठेवायच्या जागा, जगात इतकी एका जागी दुसरीकडे कुठेच नाहीत. आत शिरायची वाट मात्र ठाऊक नव्हती. नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे आमच्या 'नोव्हा'त, डेटा सेंटर ऑपरेशन्स शिकवतात हे मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं.

पहिल्याच लॅबमध्ये नेटवर्कच्या केबलला आरजे-४५ कनेक्टर (टोकाचा प्लग) लावायचा होता. आठ तारा : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. या क्रमाने सरळ करायच्या, एका रेषेत कापायच्या, कनेक्टरमध्ये सारायच्या आणि क्रिम्परने दाबायच्या. मग टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले पाहिजेत. शेजारची विशीतली पोरं तारांशी झटत होती. माझा हात वायरिंगला बसलेला. माझे आठही दिवे लागले आणि प्रोफेसरांनी ती केबल सगळ्या वर्गात फिरवली. इंग्रजी अडखळत होतं, पण त्या दिवसापासून मी वर्गात बोलायला लागलो.

यूपीएस, जनरेटर, अर्थिंग हे मला येतच होतं. नवीन होतं ते लिनक्स (सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम), आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा प्रत्येक यंत्राचा पत्ता) आणि प्रत्येक काम तिकिटात, म्हणजे कामाच्या नोंदीत, लिहून ठेवायची शिस्त. आज डेटा सेंटर टेक्निशियन म्हणून रात्रपाळी करतो. आयटीआयवाल्यांनो, हातातली कला इकडे वाया जात नाही.

रातराणी, एडिसन

माझ्या मुलाबद्दल लिहिते. शाळेत वरच्या १५ टक्क्यांत होता, त्यामुळे न्यू जर्सीच्या 'एनजे स्टार्स' शिष्यवृत्तीतून काउंटी कॉलेजची (इथलं कम्युनिटी कॉलेज) ट्यूशन फी भरावीच लागली नाही. दोन वर्षं मिडलसेक्स कॉलेज, मग रटगर्स विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स. मंडळाच्या गणपतीत लोक हळूच विचारायचे, "रटगर्सला नाही का मिळालं त्याला?" मिळालं होतं. आम्ही कर्ज नको म्हणून ठरवून हा रस्ता घेतला, आणि मला त्याचा अभिमान आहे.

आईवडिलांनी एक नीट बघावं. न्यू जर्सीत २००८ पासून असलेला ट्रान्सफरचा (काउंटी कॉलेजातून विद्यापीठात जायचा) करार ए.ए. आणि ए.एस. या दोन वर्षांच्या डिग्रींना लागू आहे, थेट नोकरीसाठीच्या ए.ए.एस. ला नाही. नावात एका अक्षराचा फरक, पण पुढे क्रेडिट (आधी पूर्ण केलेले विषय) धरले जाणार की नाही ते त्यावर ठरतं.

माणदेशी, डॅलसजवळ

थोडं वेगळं लिहितो. मी जिथे वेब डेव्हलपमेंटचं सर्टिफिकेट केलं तिथला अभ्यासक्रम बराच जुना होता. नुसत्या सर्टिफिकेटवर एकही फोन आला नाही. उपयोग झाला तो कॉलेजच्याच हेल्प डेस्कवरच्या अर्धवेळ नोकरीचा. प्रिंटर, पासवर्ड, प्रोजेक्टर. त्याच काळात कॉम्प्टिया ए-प्लसची (कॉम्प्युटर दुरुस्ती आणि मदतीच्या कामाचं प्रमाणपत्र) परीक्षा दिली आणि पुढच्या मुलाखतीत सगळे प्रश्न हेल्प डेस्कवरच आले. फी भरण्याआधी सिलॅबस मागून घ्या, आणि मागच्या तुकडीतली मुलं कुठे लागली ते प्राध्यापकांना सरळ विचारा.

कृष्णाकाठ, चँडलर

सांगलीची बी.एस्सी. केमिस्ट्री, मधे दहा-बारा वर्षं मुलांमागे. २०२२ मध्ये मेसा कम्युनिटी कॉलेजने इंटेलबरोबर सेमीकंडक्टर (कॉम्प्युटर चिप) टेक्निशियनचा दहा दिवसांचा कोर्स सुरू केला, तो मी नंतर केला. क्लीनरूमचा (चिप बनवायच्या धूळमुक्त खोलीचा) पोशाख कुठल्या क्रमाने चढवायचा इथपासून सुरुवात होती. दहा दिवसांत कुणी तज्ज्ञ होत नाही, पण हे काम आपल्याला झेपेल का ते कळतं. मला झेपलं. आता कामावर आहे.

नवीन सभासद, हिंजवडी

तीन महिन्यांत मिस्टरांकडे सॅन होजेला जाते आहे. बी.एस्सी. फिजिक्स, सात वर्षांचा खंड. इथूनच काय तयारी करू?

गोदाकाठ, सॅन होजे

@नवीन सभासद, तिकडून निघण्याआधी विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत दाखला) काढून घे, सीलबंद, दोन-तीन प्रती. इकडून मागवायच्या म्हणजे कुणाला तरी खेटे घालावे लागतात. विषयवार सिलॅबसही आण, क्रेडिट मोजायला कामी येतो. आल्यावर डी अँझा, मिशन आणि सॅन होजे सिटी कॉलेज तिन्हीकडे चक्कर मार आणि काउन्सेलरची वेळ घे. रहिवासी फी लागायला राज्यात वर्षभर राहिल्याचा पुरावा लागतो, म्हणून घराच्या करारावर आणि बँक खात्यावर पहिल्या दिवसापासून तुझंही नाव घाल.