मदत हवी आहे: ले-ऑफनंतर मोठ्या टेक कंपन्यांच्या प्रॉडक्ट मॅनेजर मुलाखतींची तयारी

अजनीकर:
नमस्कार मंडळी. अनुभव सात वर्षांचा, त्यातली चार वर्षं प्रॉडक्टमध्ये, यूपीआय पेमेंटवर. ले-ऑफनंतर सध्या नागपुरात घरीच आहे. बंगळूर-हैदराबादच्या गूगल, मेटा, अमेझॉनच्या जागांसाठी तीन महिने, रोज पाच तास देऊ शकतो. सुरुवात कुठून करू? एस्टिमेशनच्या (अंदाजाने आकडा काढायच्या) प्रश्नात हमखास अडकतो. आणि ले-ऑफबद्दल विचारलं तर किती सांगायचं?

फुटाळा_काठ:
भाऊ, "पीएम (प्रॉडक्ट मॅनेजर) मुलाखत" अशी एकच तयारी करू नका, कंपनीगणिक भर वेगळा असतो. मेटामध्ये मुख्य तीन प्रकार: प्रॉडक्ट सेन्स (वापरकर्त्याची अडचण ओळखून उपाय सुचवणं), विश्लेषण आणि नेतृत्व, प्रत्येकी साधारण ४५ मिनिटं. गूगल डिझाइन आणि स्ट्रॅटेजीवर बरंच खोदतं. अमेझॉनचा सगळा डोलारा १६ लीडरशिप प्रिन्सिपल्सवर, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या कामाच्या तत्त्वांवर; तिथला एक मुलाखतकार, बार रेझर (भरतीचा दर्जा राखणारा), भरती करणाऱ्या टीमबाहेरचा असतो. काही पदांना लेखी उत्तरही मागतात. सध्याच्या फेऱ्या कोणत्या, हे रिक्रूटरला पहिल्याच फोनवर विचारून घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

अमेझॉनसाठी १०-१२ प्रसंग लिहून काढा, प्रत्येकातून दोन-तीन प्रिन्सिपल्स दिसली पाहिजेत. आपल्याकडे "आम्ही केलं" म्हणायची सवय असते. समोरच्याला मात्र तुम्ही स्वतः काय ठरवलं, कोणाला पटवलं, हे टिपून घ्यायचं असतं. टीमचं श्रेय एका वाक्यात द्या आणि पुढे "मी" म्हणा. आकडे आत्ताच आठवून लिहा, दोन महिन्यांनी पुसट होऊन जातात. जुन्या कंपनीचे गोपनीय आकडे सांगू नका, टक्केवारीतला बदल पुरतो.

तुमचं यूपीआयचं काम विश्लेषणाच्या फेरीत सोनं आहे. समजा विचारलं, "पेमेंट यशस्वी होण्याचं प्रमाण ९२ वरून ८७ टक्क्यांवर आलं, काय कराल?" आधी व्याख्या विचारा: छेदात काय धरलंय, पिन टाकण्याआधी सोडून गेलेले त्यात आहेत का? मग घसरण एका दिवसात की हळूहळू? पुढे टेक्निकल डिक्लाइन आणि बिझनेस डिक्लाइन वेगळे काढा. बँकेची यंत्रणा बंद असणं वेगळं, चुकीचा पिन किंवा अपुरी शिल्लक वेगळी. त्यानंतर बँक, अॅपची आवृत्ती, रकमेचा गट. इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात: प्रत्येक बँकेचं प्रमाण जागच्या जागी असूनही एकूण आकडा पडू शकतो, कारण कमी यश देणाऱ्या बँकेचे व्यवहारच वाढलेले असतात. हे न विचारता सुचवलं तर समोरचा सावरून बसतो.

तर्रीवाला:
एस्टिमेशनचं सांगतो. नागपुरात रोज सकाळी बाहेर तर्री पोह्याच्या किती प्लेट खपतात? २०११ च्या जनगणनेत शहर २४ लाखांचं होतं, आज ३० लाख धरा. १५ ते ६० वयाचे ६० टक्के, म्हणजे १८ लाख. त्यातले १० टक्के बाहेर नाश्ता करतात: १.८ लाख. तिघांत एक पोहे घेतो: ६०,००० प्लेट. प्रत्येक गृहीतक मोठ्याने सांगा.

लोक इथेच थांबतात आणि मार खातात. आता उलट बाजूने तपासा. एक ठेला सहा ते दहा चालतो, दीड मिनिटाला एक प्लेट, म्हणजे तासाला ४० आणि सकाळभरात १६०. मग ६०,००० ला ३७५ ठेले लागतात. महापालिकेचे प्रभाग ३८, म्हणजे प्रभागामागे दहाएक. पटण्यासारखं आहे. प्रभागामागे शंभर आले असते तर गृहीतक चुकलं, हे स्वतःच सांगून दुरुस्त करायचं. तुमच्या उत्तरापेक्षा ही तपासणी जास्त मोलाची. आकडे गोल घ्या, १७.८ लाख धरून गुणाकार करत बसू नका.

बर्डी_चौक:
ले-ऑफचं उत्तर दोन वाक्यांत: "कंपनीने आमचा विभाग बंद केला, त्यात माझी जागा गेली. तिथे मी अमुक केलं, आता तमुक प्रकारचं काम शोधतोय." नंतर गप्प राहायचं. कैफियत लांबली की पुढचे प्रश्न त्यावरच येतात. प्रोफाइलवर "सध्या कार्यरत" ठेवू नका. पडताळणीत पीएफच्या नोंदीतली सोडल्याची तारीख समोर येते, आणि त्याने हातातली ऑफर जाऊ शकते. रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन पगारपावत्या आणि फॉर्म १६ आजच एका फोल्डरमध्ये टाका.

क्रमही महत्त्वाचा. नकार आला की त्याच कंपनीत पुन्हा अर्ज करायला बरेचदा सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं. म्हणून जिथे मनापासून जायचंय तिथली मुलाखत पहिली नको; आधी दोन-तीन दुसरीकडच्या द्या.

अजनीकर:
खूप आभार सगळ्यांचे. प्रॉडक्ट सेन्सचा सराव एकट्याने कसा करू? आणि वेळ कसा वाटू?

फुटाळा_काठ:
४५ मिनिटांत कामाची ३५ धरा. उद्दिष्ट ४, वापरकर्ते ६, अडचण ७, उपाय १०, निवड आणि मोजमाप ८. सरावाला आपली मेट्रो घ्या: "खापरी स्टेशनला उतरून मिहानमध्ये (तिथल्या कंपन्यांच्या परिसरात) कामाला जाणाऱ्यांसाठी मेट्रोचं अॅप सुधारा." एकच गट आणि एकच अडचण निवडा, म्हणजे स्टेशनपासून ऑफिसपर्यंतची फीडर बस कधी येणार हे न कळणं. आठ फीचर सांगणारे इथेच पडतात, कारण निवड करता येते का हेच बघायचं असतं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. कुठे चाचपडलात ते लगेच कळतं. आठवड्यातून तीन तरी मॉक (सराव-मुलाखती) दुसऱ्या माणसासोबत द्या, तेही इंग्रजीत. मनातल्या मनात दिलेल्या उत्तराला सराव धरू नका.

बर्डी_चौक:
आणि उन्हाळ्यात मुलाखत असली तर राउटरला छोटा यूपीएस लावा. लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण नेट जातं. मोबाइलचं हॉटस्पॉट आदल्या दिवशीच जोडून बघून घ्या.