महागडा डिझायनर कपडा घातला की पत खरंच वाढते का? आपापले अनुभव लिहा

मंडळी, यंदा बोनस मिळाला म्हणून पणजीच्या एका शोरूममधून साडेअकरा हजारांचा लिननचा कुर्ता घेतला, आयुष्यात पहिल्यांदा. बायको म्हणाली एवढ्यात माटोळीसकट (गणपतीवर टांगतो ती फळाफुलांची) अख्खी चवथ झाली असती. तो घालून गावी आरतीला उभा राहिलो तर काका सगळ्यांसमोर, "इस्त्री मारपाक वेळ मेळ्ळो ना रे तुका?" लिनन चुरगळणारच, पण काकांना कोण सांगणार. गंमत पुढेच आहे, चार दिवसांनी तोच कुर्ता घालून बँकेत लोनचं विचारायला गेलो तर मॅनेजरने बसवून घेतलं, चहा मागवला. महिन्याआधी टीशर्टवर गेलेलो तेव्हा त्याच माणसाने मान वर न करता काउंटर दाखवलेला. ऐकीव नको, स्वतःवर घडलेलं लिहा.

डिचोलीची मास्तरीण
हे नुसतं तुमच्या मॅनेजरचं नाही हो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रयोग छापला होता, तोच चेहरा, वर कपडा जरा श्रीमंती दिसणारा की लोक त्याला जास्त हुशार ठरवतात, फोटो सेकंदाच्या आठव्या हिश्श्याएवढाच दाखवला तरी. कपड्याकडे लक्ष देऊ नका असं बजावून सांगितलं तरी फरक पडला नाही. मी हे वर्गात सांगितलं तर एक पोर म्हणतं, टीचर मग आमचा युनिफॉर्म त्याच्यासाठीच ना!

मांडवीकाठचा
सहा वर्षं कॅसिनोच्या बोटीवर दारात उभा होतो. शॉर्ट्स-चपलांना अडवायची ऑर्डर. एकदा कॉलर विरलेल्या शर्टातला एक म्हातारा आला, पायात चप्पल, मी अडवला, आणि मॅनेजर धावत खाली आला, त्याला सर सर करत वर घेऊन गेला आणि मग येऊन मला ज्या शिव्या घातल्या! आणि नव्याकोऱ्या ब्लेझरातली पोरं? फुकटचे कूपन संपले की सरळ बुफेकडे.

सुई-दोरा, मडगाव
३० वर्षं मशीनवर बसतोय. एक गिऱ्हाईक फाटका टीशर्ट घेऊन आला, म्हणाला यावरची मगर उसवून या नव्या साध्या शर्टावर लावून द्या. ती मगर म्हणजे रने लाकोस्त या फ्रेंच टेनिसपटूचं टोपणनाव, १९३३ साली त्याने कंपनी काढली. हा म्हणतो उजवीकडे लावा, तिथे एक डाग आहे तो झाकेल. म्हटलं बाबा, जाणकाराला लगेच कळेल, डावीकडेच लावूया. ४० रुपये घेतले. पुढच्या आठवड्यात त्याचा भाऊ आला, त्यालाही मगर पाहिजे होती.

पावसातला म्हापशेकार
ब्रँडेड लेदर जॅकेट, जुलै महिना, गोव्यातलं कपाट. हिरवी बुरशी. संपली पत.

मुंडकाराची नात
आमची आजी भाटकाराकडे, म्हणजे जमीनमालकाकडे, भात कांडायला जायची. भाटकाराच्या जागेत घर करून राहणारे ते मुंडकार, त्यांचा कायदा १९७५ चा, पण घराखालची जागा नावावर व्हायला पुढे किती वर्षं गेली ते विचारू नका. मी नोकरीला लागल्यावर आईला येवल्याची पैठणी घेतली, २२ हजारांची. भाटकारांच्या नातवाच्या लग्नाला आई ती नेसून गेली, तर भाटकारीण पदराला हात लावून म्हणते, "बरी आसा गो, कोणे दिली?" आई म्हणाली, माझ्या चेडवाने. बाई हसली, चांगलं बोलली, खोटं कशाला सांगू. आणि पाच मिनिटांत, "जरा भितर वचून पानां मांडता काय?" आई पदर खोचून गेली पण. मी रस्ताभर धुमसत होते आणि ती म्हणे, अगो सवय असते. पैठणी ट्रंकेत आहे.

लाल चौकडा
वरचं वाचून माझी आज्जी आठवली. रोज कुणबी साडी, म्हणजे शेतात राबणाऱ्या बायकांची, खांद्यावर गाठ मारलेली, भाजी घेऊन बसने पणजीला जायची. बाजूची सीट रिकामी असली तरी लोक उभे राहायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग कोलवाळच्या फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनी तीच साडी रॅम्पवर नेली, आणि आता माझ्या ऑफिसातल्या मॅडम हौसेने हजारो मोजून घेतात, वर मला विचारतात तुला गाठ मारता येते का गं. येते. शिकवली पण. कुठून शिकलीस ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दोतोर नसलेला दोतोर
पर्रीकरांचं नाव अजून कसं नाही आलं? अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि सँडल, दिल्लीला संरक्षणमंत्री झाले तरी. पण ते आधीच पर्रीकर होते ना पात्रांव, मी तसाच इंटरव्ह्यूला गेलो तर वॉचमनने डिलिव्हरीवाला समजून पार्सल कुठंय विचारलं.

सुई-दोरा, मडगाव
धागाकर्ते, ते लोन पास झालं का?

धागाकर्ता
नाही हो, सॅलरी स्लिप कमी पडली. चहा मात्र बरा होता.